उपाशी असल्याची माझी सही

"सिस्टर, तुमच्या पित्ताशयात खडे आहेत," सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले. "किती आहेत ते विचारू नका. मोजत बसलो तर बाहेरच्या पेशंटांचं जेवण चुकेल."

मी टेबलावर आडवी होते, पोटावर ते गार जेल. एकोणीस वर्षं मी पेशंटांना सांगत आले आहे, "घाबरायचं काही नाही, मोठा श्वास घ्या." त्या दिवशी मला श्वास घ्यायची आठवण डॉक्टरांना करून द्यावी लागली.

मी महानंदा. सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. आधी नर्सिंगची पदवी, आणि चाळिशीनंतर ड्यूटी सांभाळून कायद्याची. कायद्याच्या शेवटच्या सेमिस्टरचा निकाल खडे सापडायच्या आठच दिवस आधी लागला होता. पास झाले. पेढे वाटले. मोटारपंपांचं दुकान चालवणारे आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, गल्लीत सांगत फिरले, "आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. आधी नुसती इन्चार्ज होती, आता वकीलपण झाली."

ज्यांना पोटाच्या उजव्या बाजूला, बरगडीखाली अधूनमधून दुखतं, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आणि जे हॉस्पिटलातच काम करतात त्यांच्यासाठी तर जास्तच, कारण आमच्याइतके बेशिस्त पेशंट कुठे नसतात.

मला चार महिने दुखत होतं. पहिल्यांदा अक्कलकोटकडच्या एका लग्नात. पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर होती, तिच्यावर तुपाची धार, आणि वाढणारे पाहुणे माझ्या माहेरचे. नको म्हणायची सोय नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. तासाभराने बरगडीखाली कळ आली ती थेट उजव्या खांद्यापर्यंत गेली. मी म्हटलं, पित्त. एवढं मात्र बरोबर म्हटलं. पर्समधली अ‍ॅसिडिटीची गोळी काढली आणि घेतली. पुढे दर पंधरवड्याला कळ, दर वेळी गोळी. त्याच काळात वॉर्डात एका आजोबांना मी सगळ्यांदेखत झापलं होतं, "स्वतःच्या मनाने गोळ्या खायला तुम्ही डॉक्टर आहात का?"

शेवटी ड्यूटीवरच उलट्या सुरू झाल्या आणि अंगात ताप भरला. आमचे सर्जन डॉ. होनराव यांनी बरगडीखाली बोटं रुतवली आणि म्हणाले, "श्वास घ्या." अर्ध्यात अडकला. याला 'मर्फीज साइन' म्हणतात. सुजलेलं पित्ताशय श्वासाबरोबर खाली येऊन डॉक्टरांच्या बोटाला लागतं आणि पेशंटचा श्वास थांबतो. विद्यार्थिनींना ही खूण मी दरवर्षी शिकवते. शिकवताना ती एवढी दुखते असं कधी वाटलं नव्हतं.

सोनोग्राफीनंतर निदान कागदावर आलं, 'अक्यूट कोलेसिस्टायटिस'. म्हणजे खड्याने वाट अडल्यामुळे पित्ताशयाला अचानक आलेली सूज. उपाय 'लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी', म्हणजे पोटाला चार लहान भोकं पाडून, कॅमेरा आत घालून, खड्यांसकट पित्ताशय काढून टाकणं. दोन दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक, तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑपरेशन, असं ठरलं.

खरं तर त्या महिन्यात मला आजारी पडायला वेळच नव्हता. महिनाअखेरपर्यंत आयुष्याचा एक निर्णय द्यायचा होता. वकिलीची सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, असा नियम आहे. म्हणजे एक तर काळा कोट, नाही तर पांढरा ड्रेस. आणि माझ्यापुढे दोन्हीकडून ताट वाढून आलं होतं.

कोर्टाजवळ चेंबर असलेले एक वकीलसाहेब, ज्यांच्या हाताखाली मी इंटर्नशिप केली, म्हणत होते, "नोकरी सोडा, सनद घ्या, माझ्याकडे या. डॉक्टरांच्या हलगर्जीपणाच्या केसेस येतात, पण ती केसपेपरांची भाषा आम्हाला वाचता येत नाही. तुम्ही एका नजरेत चूक काढाल." आणि आमचे अ‍ॅडमिनसाहेब म्हणत होते, "वॉर्ड सोडा, वर ऑफिसात बसा. मेडिको-लीगल रेकॉर्डची नवी पोस्ट काढतोय. एसी आहे." दोघांनाही मी हवी होते ती केसपेपर वाचता येतात म्हणून. एकाला चूक काढायला, दुसऱ्याला चूक दिसू न द्यायला. एवढा उलगडा मला तेव्हा झाला नव्हता. मी आपली हवेत होते. कुठलीही जागा घेतली तर दुसरी कायमची जाणार, एवढंच तेव्हा पोटापेक्षा जास्त टोचत होतं.

मला अ‍ॅडमिट केलं ते माझ्याच वॉर्डातल्या स्पेशल रूममध्ये. ही पहिली चूक. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि माझ्यातली इन्चार्ज जागी झाली. हातात सलाईनची बाटली धरून मी राउंड घेतला. दोन बेडच्या चादरी बदलायला लावल्या. स्नेहल नावाची आमची नवी सिस्टर मला इंजेक्शन द्यायला आली तर सुई टोचायच्या आधीच 'सॉरी, सिस्टर' म्हणाली. मी तिला धीर दिला आणि मग सुई धरायची पद्धत चुकते म्हणून पाच मिनिटं बोलले.

संध्याकाळी पाच वाजता ती ऑपरेशनचे कागद घेऊन आली. संमतीपत्र, आणि ऑपरेशनआधीची चेकलिस्ट.

संमतीपत्र मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचलं. त्यात एक वाक्य होतं, 'उपचारादरम्यान काहीही झाल्यास त्यास डॉक्टर व रुग्णालय जबाबदार राहणार नाही.' माझं नवंकोरं वकिली रक्त उसळलं. अशा वाक्याने हलगर्जीपणाची जबाबदारी टळत नाही, हे आम्हाला शिकवलेलं. मी लाल पेन मागवलं, ते वाक्य खोडलं, बाजूला कारण लिहिलं. भोकं पाडून जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, हे फॉर्ममध्ये नव्हतं, तेही मुद्दा क्रमांक घालून लिहिलं. पान संपलं म्हणून पाठीमागे गेले.

डॉ. होनराव आले, चष्मा वर करून त्यांनी सगळं वाचलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "सिस्टर, मुद्दे बरोबर आहेत. पण हाच फॉर्म गेली कित्येक वर्षं तुम्हीच पेशंटांपुढे धरताय. 'हितं सही करा, हितं अंगठा करा.' एकालाही कधी वाचू दिलात का?"

मी पाणी प्यायले.

राग निघाला तो चेकलिस्टवर. मी स्नेहलला म्हटलं, "दे इकडे, तुझं अक्षर कोर्टात वाचायला लागलं तर जज्ज रजेवर जाईल. माझी फाइल मीच भरते." आणि भरली. ही दुसरी चूक, आणि मोठी.

बाहेरच्या लोकांना आमची एक रीत ठाऊक नसते. सकाळी सात ते नऊ वॉर्डात जत्रा असते. ड्यूटी बदलायची, राउंड, ड्रेसिंग, ऑपरेशनचे पेशंट खाली पाठवायचे. तेवढ्यात चेकलिस्ट कोण भरणार? म्हणून ती आदल्या संध्याकाळीच पूर्ण भरून ठेवायची. त्यात एक ओळ असते 'एनबीएम'ची. 'निल बाय माउथ', म्हणजे तोंडावाटे काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. तिच्यापुढे रकाना असतो, 'सकाळी ७ वाजता खात्री केली', आणि सही. ही सकाळी सातची सही आम्ही आदल्या दिवशी पाचलाच करून मोकळ्या होतो. ही रीत वॉर्डाला कोणी लावली? मीच. प्रत्येक नव्या सिस्टरला पहिल्या आठवड्यात मीच शिकवते.

तर माझ्या उपाशी असण्याची खात्री, मी स्वतः, चौदा तास आधी, माझ्या सुंदर अक्षरात केली आणि खाली वळणदार सही ठोकली.

सकाळी सातला जाग आली ती सवयीने. बाहेर ड्यूटी बदलत होती. स्नेहल टेबलापाशी उभी राहून दुसऱ्या सिस्टरला हँडओव्हर देत होती, म्हणजे कुठल्या पेशंटचं काय ते सांगत होती. आणि अर्धं विसरत होती. माझ्याच्याने राहवेना. हॉस्पिटलचा गाऊन, हातात सलाईनची सुई, अशा अवतारात मी जाऊन माझ्या खुर्चीत बसले. बेड नंबर सहाचा ड्रेन, बेड नंबर नऊची शुगर, एकेक विचारत गेले. मध्येच कालच्या संमतीपत्राचा विषय निघाला आणि मी सगळ्यांना उभ्याउभ्या त्यावर व्याख्यान दिलं.

एकोणीस वर्षं हँडओव्हरच्या वेळी माझ्या उजव्या हाताशी कप येतो. त्या दिवशीही आला. मी प्यायले. सोबत खारी होती, तीही बुडवून खाल्ली. खरं सांगते, मला कळलंच नाही. तो चहा माझ्या लेखी खाणंपिणं नव्हताच, ती ड्यूटी होती.

पावणेनऊला मला ट्रॉलीवर घालून खाली नेलं. ट्रॉली ढकलत होत्या नरसम्मा मावशी. कुंभारीहून रोज पहिल्या बसने येतात. आधी विड्या वळायच्या, गेली बारा वर्षं आमच्या वॉर्डात आया आहेत. घरात तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी मराठी. शाळा दुसरीपर्यंत, तीही तेलुगू. त्यामुळे आमच्या एकाही फॉर्मशी त्यांचा कधी संबंध आला नाही.

भूल देणाऱ्या वैशाली मॅडमनी फाइल उघडली. माझ्याकडे बघून हसल्या. "तुमची फाइल म्हणजे बघायलाच नको, सिस्टर. तरी विचारते. रात्रीपासून काही खाल्लं, प्यायलं?"

"नाही," मी म्हटलं.

एका सेकंदाचाही विचार केला नाही. कागदावर तसं होतं ना!

मॅडम औषध भरायला वळल्या. मावशी ट्रॉलीचा दांडा सोडून जायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"ओ म्याडम, सिस्टर सकाळी च्या पिल्या की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता शहाण्या बाईने काय करावं? कपाळाला हात लावून चूक कबूल करावी. पण दहा-बारा दिवसांपूर्वी वकील झालेली बाई तसं करत नाही. मी ट्रॉलीवर उताणी पडल्यापडल्या उलटतपासणी सुरू केली.

"मावशी, नीट आठवा. चहा सगळ्या सिस्टरांसाठी आला होता. मीच प्याले, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"बगितलं की. हितनं तितवर बी लांब नव्हते मी."

"कप माझ्यासमोर होता, पण मी तो प्याले हे..."

"कप मीच दिला की तुमाला, रोजच्यासारका! पिलाव, खारी खाल्लाव, आनि 'साकर जास्त झाली आज' म्हनून माज्यावरच वरडलाव."

वर्गात आमच्या सरांनी बजावलं होतं, उत्तर माहीत नसेल तो प्रश्न साक्षीदाराला विचारू नये. साखर जास्त झाली होती, हे मला त्या क्षणी जिभेवर आठवलं. मी म्हटलं, "दोनच घोट."

"कप रिकामा मीच उचलला," मावशी म्हणाल्या.

वैशाली मॅडमनी हातातली सिरिंज खाली ठेवली. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. त्यांनी मला सांगितलं ते मी स्वतः हजार पेशंटांना सांगितलेलं आहे. भूल चढली की घसा आणि अन्ननलिका ढिली पडते. पोटात दूध, खारी असेल तर ते उलटून वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. याला 'अ‍ॅस्पिरेशन' म्हणतात. माणूस त्याने दगावू शकतो. "पाणी असतं तर दोन तास थांबले असते," त्या म्हणाल्या. "दुधाचा चहा आणि खारी, सहा तास तरी. दुपारी तीनला बघू. आणि सिस्टर, मी तुमच्या सहीवर गेले असते हो."

तेव्हा मला भीती वाटली. खडे सापडले तेव्हाही एवढी वाटली नव्हती. मला मुलगी आहे, पुण्याला शिकते. तिला फोन कोणी केला असता, हा विचार आला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मावशींना वाटलं त्यांनी सांगितलं म्हणून मी रडतेय. त्या पदराने माझे डोळे पुसत म्हणाल्या, "रडू नका. आमी काय मुद्दाम बोललो न्हाय. लई भ्या वाटलं म्हनून बोललो."

मी ट्रॉलीवरच पेन मागितलं. चेकलिस्टवरच्या माझ्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, आधीचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, 'ही नोंद आदल्या दिवशी संध्याकाळी आगाऊ केलेली व चुकीची. सकाळी सातच्या सुमारास दुधाचा चहा व खारी घेतली. हे सांगणाऱ्या नरसम्मा मावशी.' वेळ घातली, सही केली. या वेळी सही वळणदार आली नाही.

बाहेर आमच्या मालकांना कोणीतरी सांगितलं, "ऑपरेशन पुढे ढकललं, पेशंटने घोटाळा केला." त्यांनी विचारलं, "भांडली का?" म्हणजे एकोणीस वर्षांच्या संसारात माणसाला बायकोची चांगलीच पारख झालेली असते. खरं कारण मात्र त्यांनी परत एकदा सांगायला लावलं. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले.

तीनला ऑपरेशन झालं. पाऊण तासात आटोपलं. शुद्धीवर येताना मी 'साक्षीदार विश्वासार्ह आहे' असं दोनदा बोलले म्हणे. ज्यांचं व्हायचं आहे त्यांना सांगून ठेवते, पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो. कॅमेऱ्याला जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरतात, त्यातला थोडा उरतो, तो खांद्याला त्रास देतो. दोन दिवसांत जातो. चाललं की लवकर जातो. खडे एका प्लास्टिकच्या बाटलीत घालून देतात. आमच्या मालकांनी ती दुकानात नेऊन गल्ल्याशेजारी ठेवली. मी परत आणायला लावली.

दुसऱ्या दिवशी केमहून रेल्वेने माझ्या वन्सं आल्या, त्यांची मुलगी तनुजा बरोबर. बी.एस्सी. नर्सिंग झालेली. केळी ठेवली, माझी जखम बघितली, आणि वन्सं मूळ मुद्द्यावर आल्या. "वैनी, आमच्या तनूला बी वकिली करायची म्हन्ते. दोन्ही करून मानूस कुटं लागतं, तेवडं सांगा की."

पोटात चार भोकं, त्यात हे. पण सांगितलं. विमा कंपन्यांना क्लेमचे कागद तपासायला अशी माणसं लागतात. मोठ्या हॉस्पिटलांना रेकॉर्ड आणि तक्रारी बघायला लागतात. नर्सिंग कॉलेजात कायदा शिकवता येतो. सनद घेऊन कोर्टात उभं राहता येतं, पेशंटच्या बाजूने किंवा डॉक्टरच्याही. मात्र सनद घेतली की नोकरी सोडायची. आणि कायद्याला जायच्या आधी दोनतीन वर्षं वॉर्डात काढ, नाहीतर कागद वाचता येईल पण कागदामागचं दिसणार नाही.

तनुजा लिहून घेत होती. वन्सं म्हणाल्या, "आनि तुमी सोता काय करनार?"

"बरी झाले की सांगते," मी म्हटलं. वन्संनी केळं सोललं आणि मला विसरून स्वतःच खाल्लं.

दुपारी वकीलसाहेब भेटायला आले. फुलं आणली होती, पण नजर फाइलवर. "बघू का?" म्हणाले. मी हो म्हटलं. पानं उलटता उलटता ते चेकलिस्टपाशी थांबले आणि खुर्चीत सरळ झाले. "अहो, यात तर केस आहे! सातची नोंद आदल्या दिवशी? भूल दिली असती तर? ही सिस्टर सुटता कामा नये. हिची नोकरी घालवू आपण. सही कोणाची आहे ही? नाव लागत नाही."

"माझी."

ते हसले. मग बघितलं की मी हसत नाही. "असं होय," म्हणाले आणि फाइल बंद करून हवापाण्यावर बोलले, चेंबरचं नावही काढलं नाही. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, "तुम्ही ती दुरुस्ती केलीत ना, ती करायला नको होती. केस म्हणून सांगतो."

संध्याकाळी अ‍ॅडमिनसाहेब आले. त्यांनी फुलं नाही, एक कोरी चेकलिस्ट आणली होती. "सिस्टर, झालं ते झालं. हे पान नवीन भरून टाका, जुनं काढून घेतो. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन आहे. मावशीला मी समजावतो, उगीच तोंड उघडायचं नाही म्हणून." आणि आवाज खाली आणून, "वरच्या पोस्टचं काम असंच असणार आहे. तुमच्यासारखं माणूस पाहिजे."

मी आजवर एवढी संतापले नव्हते. पण ओरडले तर टाके दुखतात. म्हणून हळू बोलले, आणि हळू बोलल्यामुळे असेल, त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हटलं, "साहेब, आज मी जिवंत बसलेय ती ज्या बाईने तोंड उघडलं तिच्यामुळे. पान बदलायचं नाही. उलट मी स्वतःच झाल्या प्रकाराचा रिपोर्ट लिहून देणार आहे, माझ्याच विरुद्ध. मेमो द्यायचा असेल तर द्या."

ते कोरी चेकलिस्ट घेऊन परत गेले. पोस्टचं काय, ते बोलले नाहीत. मला वाटलं, गेली. दोन्ही ताटं एकाच दिवसात उचलली गेली, आणि नवल म्हणजे मला भूक लागली. डाळीचं पाणी आणि भात प्रेमाने जेवले.

घरी पंधरा दिवस पडून होते, तेव्हा विचार केला. वकीलसाहेबांकडे गेले तर मी चुका झाल्यावर पोचणार. तेही काम लागतंच, कोणीतरी केलंच पाहिजे, आणि तनुजाने केलं तर मी तिला काळा कोट घेऊन देईन. पण माझी एकोणीस वर्षं जिथे गेली तिथे चूक व्हायच्या आधी उभं राहता येतं. महिनाअखेरीला मी सनदेचा अर्ज भरला नाही. हॉस्पिटलला पत्र लिहिलं, की रेकॉर्डचं काम मला करायचं आहे, पण टेबल वरच्या मजल्यावर नको, वॉर्डात हवं. संमतीपत्र पेशंटला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. आणि चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवायची. पेशंटजवळ सकाळपासून ज्या मावशी किंवा वॉर्डबॉय मामा आहेत त्यांना विचारायचं, आणि त्यांची सही घ्यायची.

मला मेमोही मिळाला आणि पोस्टही मिळाली, एकाच पाकिटात. डॉ. होनराव मध्ये पडले होते, असं नंतर कळलं. मी त्यांचे आभार मानायला गेले तर म्हणाले, "मला तुमच्या लाल पेनाची भीती वाटते, म्हणून केलं."

वैशाली मॅडमचे आभार मी मानले, स्नेहलची माफी मागितली. मावशींना साडी घेऊन गेले, तर त्या म्हणाल्या, "साडी काय करू, तेवडं साकर जास्त म्हनायचं बंद करा." साडी घेतली मात्र.

खडे असणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. कळ अंगावर काढू नका. आणि ऑपरेशनआधी काय खाल्लं, काय प्यायलं ते विचारणाऱ्याला खरं सांगा, घोटभर असलं तरी. लाज वाटली तर वाटू द्या.

नवा फॉर्म सुरू झाला त्या संध्याकाळी पाचला माझ्याकडे दुसऱ्या दिवशीच्या पाच ऑपरेशनच्या चेकलिस्टा होत्या. सकाळी किती धांदल असते ते मला ठाऊक. मी पाचही कागद एकावर एक सरकवून ठेवले, नव्या ओळीवर बोट ठेवलं आणि मावशींना पेन दिलं. त्यांनी आठवडाभर घरी नातवाशेजारी बसून सही गिरवली होती, तेलुगूत.

"करून टाका मावशी, सकाळी घाई होते," मी म्हटलं.

मावशींनी पेनाकडे बघितलं, कागदांकडे बघितलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"उद्याचं आज कसं बगू मी, सिस्टर? पेशंट खातंय का न्हाय ते सकाळी बगते. मग सही."

मी कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मावशी पुढे, आणि मी कागद घेऊन त्यांच्या मागे, असे आम्ही बेड नंबर एकपासून निघालो.